यांत्रिक कारणास्तव

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, नव्या प्रणालीचं काम पाहणाऱ्या मॅडम, पाणीपुरवठा मंडळातले लहानमोठे सर्व अधिकारी आणि कर्मचारी, उन्हात रस्त्यावर उभं राहून पाणी सोडणारे आमचे भाऊ, आणि चोवीस गल्ल्यांमधून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या भगिनींनो,

आज जिचा निरोप समारंभ आहे, तिची मी थोरली बहीण. शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळण्याचं. कुटुंबातर्फे दोन शब्द बोला, असा निरोप मला आला. माझे दोन शब्द थोडे लांब आहेत. माईकसमोर मी पहिल्यांदाच उभी राहते आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं. विसरू नये म्हणून लिहून आणलं आहे.

माझ्याआधी सात वक्ते बोलले. सातही जणांनी हिचे गुण सांगितले. वक्तशीर, निगर्वी, कामाला वाहून घेतलेली. ते सगळं खरं आहे, मी त्यात भर घालणार नाही. घरात हिला आम्ही छकुली म्हणतो. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी छकुलीच. (पाहा, डोळे वटारले. ऑफिसात हे कोणाला माहीत नव्हतं वाटतं.) तर छकुलीचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्यापाशी जे आहे ते या सभागृहात दुसऱ्या कोणापाशी नसणार. माझ्यापाशी हिच्याबद्दलचा अडतीस वर्षांचा मत्सर आहे. देवासमोर बसून मी तो अनेकदा कबूल केला. आज माणसांसमोर करते.

ज्या खुर्चीवरून आज ती उठते आहे, ती खुर्ची माझी होती.

दचकू नका. अडतीस वर्षांपूर्वी या मंडळात पहिला कॉम्प्युटर यायचा होता, आणि त्यावर काम शिकण्यासाठी एक मुलगी हवी होती. मॅट्रिक आणि टंकलेखन, एवढीच अट. अर्ज मी केला होता. मुलाखतीचं पत्र माझ्या नावाने आलं होतं. मॅट्रिकला मला हिच्यापेक्षा अकरा गुण जास्त होते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही आणि एक दिवसही विसरले नाही. पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात माझं लग्न ठरलं. सासरी माणसं आठ. सून बाहेर कामाला जाणार नाही, असं कोणी स्पष्ट म्हटलं नाही. नुसतं, "आठ माणसांचं करून वेळ उरला तर बघू," असं म्हटलं. वेळ कसा उरणार होता, ते माझ्या आईला कळलं आणि मलाही.

पत्र फुकट जाऊ नये, म्हणून मुलाखतीच्या दिवशी मी छकुलीला घेऊन इथे आले. वापरण्याजोगी वस्तू टाकून देणं मला कधी जमलं नाही, ते असं. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना म्हटलं, मी येऊ शकत नाही, पण ही माझ्या पाठची, हिला बघा. त्यांनी हिला एक उतारा टंकायला दिला. मी बाहेर बाकावर बसून आवाज ऐकत होते. दोन ठिकाणी चुकली. मी चुकले नसते.

हिला ती जागा मिळाली. मी लग्न करून शेवटच्या गल्लीत राहायला गेले.

आता बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे टाकी एक आणि गल्ल्या चोवीस. पहाटे पाचला पहिल्या गल्लीला पाणी सुटतं, मग अर्ध्या अर्ध्या तासाने पुढच्या. पहिली गल्ली टाकीच्या पायथ्याशी, तिथे अधिकाऱ्यांची घरं. शेवटची गल्ली टोकाला, आमची. तिची पाळी यायची दुपारी साडेचारला, आणि तोवर टाकीने तळ गाठलेला असायचा. पहिल्या गल्लीत बाग भिजायची आणि आमच्याकडे बादलीत करंगळीएवढी धार. ती भरेपर्यंत माणसाला सबंध आयुष्य आठवायचं. चोवीस गल्ल्यांच्या भांडणांनी या मंडळाच्या दाराची बिजागरी सैल झाली होती, असं जुने लोक सांगतात.

मग तो कॉम्प्युटर आला. एका खोलीत एकटं राहणारं, माणसाहून उंच, करड्या रंगाचं धूड. छकुली त्याला काय काय म्हणायची, मी त्याला कपाट म्हणायचे. अजूनही म्हणते. ही संध्याकाळी ऑफिस सुटलं की माझ्याकडे यायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कपाटाच्या गोष्टी सांगायची. मी आठ जणांच्या पोळ्या लाटत ऐकायचे. किती गोडीने सांगायची. आज कपाटाने असं केलं, आज मी त्याला असं समजावलं. मी एखादा प्रश्न विचारला की म्हणायची, "ते तुला नाही कळायचं गं ताई, लांबलचक आहे." अहो, मला अकरा गुण जास्त होते.

येताना मात्र ती एक वस्तू आणायची, ती मला आवडायची. प्रिंटरचा वाया गेलेला कागद. रुंद, दोन्ही कडांना भोकं असलेला, पाठ कोरी. त्याच्या मी वह्या शिवल्या. त्यातली एक वही बादल्यांची. रोज आपल्या घरात किती बादल्या भरल्या, ते मी लिहिते. कोणी सांगितलं म्हणून नाही. जे हातात नाही त्याची नोंद तरी हातात असावी, म्हणून.

पहिल्याच वर्षी एक दिवस ही तोंड पाडून आली. साहेबांनी हिला पाण्याच्या पाळ्या कपाटावर लावायला सांगितल्या होत्या. हिने लावल्या, पण होता तोच क्रम, पहिली ते चोविसावी. भांडणं होती तेवढीच राहिली, उलट आता लोक म्हणू लागले की कॉम्प्युटरसुद्धा अधिकाऱ्यांचाच. "काय करू ताई, मला काही सुचत नाही," म्हणाली.

माझ्या घरात जेवायला आठ माणसं. मी एका टोकापासून वाढत गेले की शेवटच्याच्या ताटात तळाचं पातळ पडायचं, आणि शेवटी बसायचे माझे धाकटे दीर. बोलायचे नाहीत, पण वाटीत बघायचे. तेव्हा मी काय केलं, तर एक दिवस या टोकाकडून वाढायला सुरुवात आणि दुसऱ्या दिवशी त्या टोकाकडून. आज जो शेवटचा, तो उद्या पहिला. मधल्यांना फरक पडत नाही, टोकाच्यांना मात्र देव पावतो. बादल्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी हिला आठ ताटं काढून दाखवली आणि दोन बाण, एक जाणारा, एक येणारा. ती कितीतरी वेळ पानाकडे बघत बसली. मग पोळी न खाता पळाली.

पुढच्या आठवड्यापासून पाण्याच्या पाळ्या तशा लागल्या. एक दिवस सुलट, एक दिवस उलट. माझ्या वहीत एक दिवस बावीस बादल्या, एक दिवस नऊ. बावीस, नऊ, बावीस, नऊ. वर्षाखेरीस तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि मंडळाने छकुलीचा सत्कार करून हिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

ते घड्याळ अजून हिच्या बाहेरच्या खोलीत आहे. दर तासाला टोले देतं. मी हिच्याकडे गेले आणि ते वाजलं, की माझ्या पोटात दुखायचं. हिने कधी म्हटलं नाही की ताई, हे तुझं. मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोता स्वभाव दिसला असता, आणि माझा स्वभाव कोता आहे हे मला लपवायचं होतं. तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीचा एवढा हेवा? अहो, परक्याचा कशाला करायचा? परक्याला कुठे माझं पत्र मिळालं होतं?

वर्षं गेली. कपाट मध्ये दोनदा बदललं, पण नवं आलं ते त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं. त्यामुळे हिने लिहिलेलं सगळं जसंच्या तसं चालत राहिलं. आणि मग तीन वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं, की हे घराणं आता इथेच संपलं. पुढे असं यंत्र बनणार नाही, सुटे भाग तीन वर्षं मिळतील, नंतर तुमचं तुम्ही पाहा.

त्या पत्राने या इमारतीत काय धांदल उडाली, ते तुम्ही मंडळी जाणता. मला कळलं ते उंबऱ्यावरून. तीन मतं होती. एक मत, जिथे जिथे अशी कपाटं मोडीत निघतात तिथून सुटे भाग गोळा करून ठेवायचे आणि हेच मरेपर्यंत चालवायचं. माझं मत या बाजूला होतं, चालतंय ते टाकायचं कशाला? दुसरं मत, दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणायचं आणि आत जुन्याची नक्कल बसवायची, म्हणजे जुन्या कामांना वाटेल की आपण आपल्याच घरी आहोत. सुनेला माहेरच्या भांड्यांत स्वयंपाक करू देण्यासारखं. आणि तिसरं मत, सगळं नव्याने लिहायचं आणि कुठेतरी दूर, ज्यांना कोणी पाहिलेलं नाही, अशा भाड्याच्या यंत्रांवर ठेवायचं.

मला वाटलं, छकुली पहिल्या मतासाठी भांडेल. जन्म गेला तिचा त्या खोलीत. पण तीच तिसऱ्याची बाजू घेऊन उभी राहिली. मी विचारलं, "तुझंच तू मोडायला निघालीस?" तर म्हणाली, "ताई, त्याची भाषा कळणारी मी एकटी उरले आहे. एकटीला कळतं ते कोणालाच कळत नाही, असं धरून चालावं."

बघा, अशी वाक्यं हिला सुचतात. मला सुचली असती तर कोणासमोर बोलले असते?

मग या नव्या मॅडम आल्या. वय माझ्या लेकीएवढं, बोलणं मऊ, काम चोख. छकुलीने दोन वर्षं त्यांना समोर बसवून सगळं शिकवलं. त्यांच्याशी बोलताना हिच्या तोंडून 'लांबलचक आहे, तुला नाही कळायचं' कधी आलं नाही म्हणे. ते ऐकून मला मॅडमचाही हेवा वाटला. मॅडम, राग मानू नका, माझ्याकडे तो पुष्कळ आहे, कोणालाही थोडा मिळतो.

त्यांची कामाची पद्धत मला फार आवडली. जुन्या कपाटात एकूण दोनशे बारा नियम होते. प्रत्येकाचा एक कागद करायचा. नियम काय, का केला, कोणी सांगितला. मग ठरवायचं, नव्या घरात न्यायचा की इथेच टाकायचा. घर बदलताना मीही असंच करते. पण घर बदलणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट माहीत असते. आपण एखादी वस्तू मोडकी म्हणून टाकून येतो, आणि नव्या घरात पहिल्याच सकाळी कळतं की ती दाराला अडसर म्हणून लागत होती.

गेल्या हिवाळ्यात चाचणी म्हणून नव्या प्रणालीने आठवडाभर पाळ्या लावल्या. फोनवर निरोप येऊ लागले, तुमच्या गल्लीला अमुक वाजता पाणी. सोय उत्तम. जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणावं. पहिल्या दिवशी आमची वेळ साडेचार, बादल्या नऊ. दुसऱ्या दिवशी आमची पहाट असायची. निरोप आला, साडेचार. मी शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं, त्यांच्याही फोनवर तेच. त्या म्हणाल्या, "नवा कॉम्प्युटर बड्यांच्या वळणावर गेला की काय?" नऊ बादल्या. तिसऱ्या दिवशी आठ.

पाणी यायच्या आधीच मला कळलं होतं. त्यांनी माझी ताटं उचलली होती.

त्याच संध्याकाळी मी छकुलीकडे गेले. घड्याळाखालीच बसले. म्हटलं, उलटी पाळी कुठे गेली? तिने उठून एक जुनी फाईल आणली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. अडतीस वर्षांपूर्वीचं मंडळाचं पत्र. त्यात मोठ्या साहेबांच्या सहीने लिहिलं होतं, 'यांत्रिक कारणास्तव पाण्याच्या पाळीचा क्रम एक दिवसाआड उलट राहील.'

यांत्रिक कारणास्तव. मी ते तीनदा वाचलं.

झालं होतं असं. साहेबांनी उलट यादी पाहिली आणि विचारलं, हे काय? साहेब राहायला पहिल्या गल्लीत. वीस वर्षांची ही पोर घाबरली. प्रिंटर चालू होता. तो एक ओळ डावीकडून उजवीकडे छापायचा, आणि परत येताना रिकामा न येता दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे छापत यायचा. हिने त्याकडे बोट दाखवून सांगितलं, साहेब, हे यंत्र असंच चालतं, एकदा जातं, एकदा येतं. साहेबांनी थोडा वेळ प्रिंटरकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पत्र काढलं. पुढे दरवर्षी ते वाक्य नव्या कागदावर उतरवलं गेलं. साहेब बदलले, कपाटं बदलली, प्रिंटर तर कधीच मोडीत गेला, वाक्य तेच. पहिल्या गल्लीने अडतीस वर्षं एक दिवसाआड यंत्राला शिव्या दिल्या, आणि नियमाच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता यंत्रच जाणार म्हटल्यावर यांत्रिक कारण राहिलं कुठे? मॅडमनी त्या कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं, 'जुन्या यंत्राची मर्यादा होती, नव्याला ती नाही, नियम वगळावा.' त्यांचं काय चुकलं?

मी म्हटलं, "मग तू सांगितलं का नाहीस?"

तेव्हा ती म्हणाली, "काय सांगू? की यंत्र तसं नव्हतं, मी खोटं बोलले? मग विचारतील, नियम कोणाचा. बहिणीचा. बहीण राहते कुठे? शेवटच्या गल्लीत. मग उरलेल्या दोनशे अकरा नियमांत बाईने आणखी काय काय घुसवलं, ते शोधत बसतील. ताई, मला पुढची दोन वर्षं द्यायचं ठरवलंय त्यांनी. नव्या प्रणालीबरोबर. ती चालायला लागलेली बघायची आहे मला."

हे मंडळाचं तोंडी ठरलं होतं, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून हिला ठेवायचं. म्हणजे एका बाजूला हिची ती दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीचं पाणी.

आणि मी काय बोलले असेन? मी मोठी, मी समजूतदार. मी म्हटलं, "अडतीस वर्षं मला वाटत होतं तू माझं श्रेय घेतलंस. घेतलं असतंस तर बरं होतं. तू ते कपाटाला दिलंस. माझ्यापेक्षा तुला ते जवळचं."

ती म्हणाली, "माझं म्हटलं असतं तर पुसलं असतं, ताई. तुझं म्हटलं असतं तरी पुसलं असतं. यंत्राचं म्हटलं म्हणून टिकलं."

वरती घड्याळाने सात टोले दिले. मी चप्पल घातली आणि निघून आले. शब्द पटला होता, म्हणूनच राग जास्त आला.

पाचव्या दिवशी इथेच, वरच्या मजल्यावर, तक्रारी ऐकण्याची बैठक होती. मी बादल्यांची वही पिशवीत घातली आणि आले. अडतीस वर्षांनी या इमारतीचा जिना चढले. मनात काय होतं ते सांगते, लपवत नाही. गल्लीचं पाणी मनात होतं, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिलं मनात हे होतं, की पहिल्या पानावरची ताटं मेजावर ठेवायची आणि म्हणायचं, हे माझं आहे. हिची दोन वर्षं जातात की राहतात, तो विचार मी जिन्यावर सोडून आले होते.

जाता जाता हिच्या खोलीत डोकावले. ती खुर्ची प्रथमच पाहिली. साधी लाकडी, एका पायाखाली घडी करून कागद घातलेला, आणि वर उशी, माझ्याच जुन्या चादरीची, मीच शिवून दिलेली. इतकी वर्षं मी मनात त्या खुर्चीला केवढं सिंहासन करून ठेवलं होतं.

बैठकीत मॅडमनी नम्रपणे समजावलं की उलटा क्रम ही जुन्या यंत्राची मर्यादा होती. मी पिशवीत हात घातला. वहीची भोकं बोटांना लागली. तेवढ्यात समोरून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. छकुली उभी होती.

ती म्हणाली, "मर्यादा नव्हती. तो नियम आहे, आणि चांगला नियम आहे. यंत्राचं नाव मी खोटं सांगितलं होतं. नियम माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. ती शेवटच्या गल्लीत राहते, ती ही इथे बसली आहे. तिच्या पिशवीत वही असेल, ती बघा."

माझा हात पिशवीतच राहिला. जे हिसकावून घ्यायला आले होते, ते हिने मी तोंड उघडण्याआधी हातावर ठेवलं. आता मला सांगा, अशा बहिणीचा हेवा करू नये तर काय करावं?

मग मुख्य अभियंता साहेबांनी, जे आज इथे बसले आहेत आणि पहिल्या गल्लीत राहतात, वही मागून घेतली. बावीस-नऊ, बावीस-नऊ असं पानामागून पान बघत गेले. शेवटी म्हणाले, "आमच्याकडे बारा वर्षं एक दिवसाआड पाणी कमी येतं. घरात मी सांगत आलो, यंत्राचा दोष आहे. आज घरी काय सांगू?" सगळे हसले, पण साहेब हसले नाहीत. मॅडमना म्हणाले, नियम ठेवा, खरं कारण लिहा. साहेब, आपल्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही, पण आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांच्या वतीने मी वहिनींचे आभार मानते.

मग मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. विचारू लागल्या, एखाद्या दिवशी पाणी सुटलंच नाही तर दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची? मी म्हटलं, जिथे थांबलो तिथून. उपास सुटल्यावर परत पहिल्यापासून वाढत नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. एखादी गल्ली नवी वाढली तर? मी म्हटलं, ती टोकाला बसेल, पण बाण तोच. तेही लिहून घेतलं. असे नऊ प्रश्न विचारले. अडतीस वर्षांत कोणी मला पाण्याविषयी नऊ प्रश्न विचारले नव्हते. मी उत्तरं देत होते आणि छकुली बाजूला बसून ऐकत होती, उंबऱ्याशी बसल्यासारखी. एकदा मध्येच तिने "म्हणजे कसं?" विचारलं. मी म्हणाले, "ते लांबलचक आहे." देव मला क्षमा करो, मला फार बरं वाटलं.

त्या नियमाचा कागद मॅडमनी मला दाखवला. नियम सांगणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, आणि पुढे व्यवसाय, गृहिणी. दोनशे बारा कागदांत असा एकच आहे.

आणि पुढे जे व्हायचं ते झालं. मंडळाच्या कागदावर इतकी वर्षं खोटं कारण राहिलं, त्याची नोंद छकुलीच्या नावावर झाली, आणि त्या दोन वर्षांचा प्रस्ताव मागे घेतला गेला. अध्यक्ष महोदय, मी तक्रार करत नाही. मीही हिशेब ठेवणारी बाई आहे, खोटी नोंद ती खोटी नोंद. पण सात वक्त्यांपैकी कोणी हे बोललं नाही, म्हणून मला बोलावं लागलं. आजचा हा समारंभ दोन वर्षांनी व्हायचा होता. आमच्या गल्लीला पाणी यावं म्हणून तो आज होतो आहे.

गेल्या सोमवारी कपाट बंद केलं. त्याआधी हिने शेवटची यादी छापली. मी विचारलं, पुढच्या पाळ्या फोनवर येणार, मग कागद कशाला? म्हणाली, "तुला पाठकोरा लागतो ना." पुढच्या दोन आठवड्यांची पाळी त्यावर आहे. हे भाषण मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं आहे. लांबचलांब आहे, म्हणून माझंही लांबलं.

घड्याळ हिने परवा माझ्याकडे पाठवलं. मी परत पाठवलं. एवढं सगळं मला देऊन ही मोकळी होणार, आणि मी आता हेवा करायचा तो कशाचा?

छकुली, उद्यापासून तू घरी. नव्या प्रणालीचं काय होतं, ते आता आपण दोघी नळापाशी बसून बघू. तुला वही देते. तुझ्या गल्लीच्या बादल्या तू लिही, माझ्या मी लिहीन.

अध्यक्ष महोदयांनी एका मॅट्रिक झालेल्या बाईचं इतकं ऐकून घेतलं, साहेबांनी मन मोठं केलं, मॅडमनी विचारलं, आणि तुमच्यापैकी मध्येच कोणी उठून गेलं नाही, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे जीभ घसरली असेल, तर घरच्या बाईचं बोलणं समजून पोटात घालावं.

आता मला निघायला हवं. चार वाजत आले. या कागदाच्या पुढच्या बाजूला छापलं आहे आणि माझ्या फोनवरही तेच आलं आहे, की आज आमची गल्ली शेवटची, साडेचारला. नऊ बादल्या. उद्या पहाटे पहिली.